दहावा वाटा

दहा नावं होती आणि दहाही नावांपुढे एकच आकडा होता. बहात्तर. मी आधी प्रिंटरला शिव्या घातल्या, मग संगणकावर तीच यादी उघडली, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिली. आकडा हलायला तयार नव्हता. शंभरापैकी बहात्तर, जुन्या हवालदारापासून नव्या शिपायापर्यंत सगळ्यांना, आणि सगळ्यात वर माझं नाव, तर मलाही बहात्तर.

माझे बहात्तर मला मान्य होते. ते मी कमावले होते. मागच्याच महिन्यात 'उत्कृष्ट प्रभारी अधिकारी' म्हणून मला प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ते चौकटीत घालून मी माझ्या खुर्चीमागे लावलं होतं, म्हणजे समोर बसणाऱ्याची नजर चुकायला नको. प्रश्न बाकीच्या नऊ जणांचा होता. वर्गातल्या सगळ्या पोरांना एकसारखे गुण पडले की मास्तर जे समजतो तेच मी समजले. ह्यांनी काहीतरी घोळ करून स्वतःला माझ्या बरोबरीला आणून बसवलं होतं.

आमचं खारशेत दूरक्षेत्र म्हणजे पोलीस ठाण्याचं धाकटं भावंड. दोन खोल्या, एक जीप, नऊ माणसं आणि त्यांच्या डोक्यावर एक उपनिरीक्षक. ती मी, चारुता. मी घाटावरची. मासे खात नाही हे गावाला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि त्याचं गावाला अजून वाईट वाटतं. एका अंगाला चिंचणीकडे जाणारा रस्ता आणि चिकूच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला बंदर. सुट्टीच्या दिवशी बोईसरच्या कारखान्यांतले कामगार समुद्रावर येतात, तेव्हा आमच्या किनाऱ्यावर मराठीपेक्षा हिंदीच जास्त ऐकू येते.

सहा महिन्यांपूर्वी वरच्या कचेरीतून गुणांची पद्धत आली. वॉरंट बजावलं की इतके गुण, दारूची भट्टी धरली की इतके, फरार आरोपी आणला की त्याहून जास्त. ज्याचे गुण त्याला त्याच्या मोबाइलवर दिसत, दुसऱ्याचे दिसत नसत. वर फक्त दूरक्षेत्राची बेरीज जायची आणि आमची बेरीज झकास असायची. माणसागणिक यादी सहामाहीला पहिल्यांदाच निघाली, आणि तिच्यासोबत हुकूम आला की सगळ्यात खालचं एक नाव कळवा. तो माणूस पन्नाशीच्या आतला असेल तर त्याला शेरा आणि सुधारणा वर्ग. पन्नाशीच्या वरचा असेल तर त्याचं नाव छाननी समितीपुढे. छाननीत गेलेला माणूस बहुतेक करून घरीच जातो.

आमच्याकडे पन्नाशीच्या वरचा एकच होता, विश्राम हवालदार. मी इथे यायच्या आधीची गोष्ट, सहलीला आलेले दोन कामगार भरतीत अडकले होते. विश्राम बुटांसकट पाण्यात शिरला. ते दोघे वाचले, विश्रामची कंबर कामातून गेली. आता तो उठताना आधी टेबल धरतो, मग उठतो. मोटारसायकलवर बसणं तर बंदच. किनाऱ्यावरच्या चौकीत खुर्ची टाकून बसायचं, एवढीच ड्युटी त्याला असते. बुडणाऱ्याला वाचवलं तर किती गुण, हे मी नव्या पद्धतीत शोधून पाहिलं होतं. असा रकानाच नाही. गुन्हा नाही, आरोपी नाही, अटक नाही, मग गुण द्यायचे कशाला?

मग खुर्चीवर बसून राहणाऱ्या विश्रामला बहात्तर कुठून आले? आणि भावेश, जो दिवसभर गाडीवर उंडारून आरोपी गोळा करतो, त्यालाही बहात्तरच कसे?

मला दुसऱ्याच्या कारभारात नाक खुपसायची लहानपणापासून खोड आहे. आई म्हणायची, हिला पोलिसात घाला, निदान पगार तरी मिळेल. डोक्यात एकदा किडा वळवळायला लागला की मला जेवण गोड लागत नाही. त्यात साहेबांचा फोन आला.

"काय हो चारुता, माणसं बोईसरच्या कारखान्यातून आणलीत काय? सगळी एकाच साच्यातली?"

"तपासून सांगते, साहेब."

"बरोबरी मला चालणार नाही. तुम्ही त्यांच्यात वावरता, कोण काम करतं आणि कोण टेकून बसतं ते तुम्हाला ठाऊक असणार. आठवड्यात नाव पाठवा. नाहीतर मी इथून पथक पाठवतो. एकेक केस उघडून बघतील."

मी हो म्हणाले आणि भावेशला आत बोलावलं. भावेश चिंचणीचा, चिकूच्या वाडीतला पोरगा, तीन वर्षांची नोकरी. धावायला घोड्यासारखा आणि खोटं बोलायला अगदीच कच्चा.

"भावेश, गेल्या महिन्यात वॉरंटं किती बजावलीस?"

"बजावली की, मॅडम."

"किती?"

"म्हंजे... येतील तेवढी."

"आणि गुण सगळ्यांएवढेच?"

त्याने माझ्या डोक्यावरून प्रशस्तिपत्राकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. "नशीब हाय, मॅडम."

नशिबाने लॉटरी लागते, नऊ जणांना बहात्तर नाही लागत. पण त्याच्याकडून पुढे काही निघेना. मग मी जयवंतीकडे वळले. जयवंती हवालदार पालघरजवळच्या माहीमची, मच्छीमाराच्या घरातली. वीस वर्षांची नोकरी आणि दूरक्षेत्राच्या सगळ्या नोंदी तिच्या हातात. कुठला गुन्हा कोणाच्या नावावर चढवायचा, हे संगणकात तीच भरते. मी सही करते. खरं सांगायचं तर न वाचता करते, कारण तिच्या कामात मला कधी चूक सापडली नाही.

"ताई, हे असं कसं झालं?"

"काय कसं?"

"सगळ्यांना बहात्तर."

"चांगलं हाय ना मग," ती म्हणाली. "कोणाला कमी नाय." आणि चहा सांगायला निघून गेली. तिने ताकास तूर लागू दिली नाही, आणि मी तिथेच थांबले, कारण जयवंतीला दरडावण्याची हिंमत दूरक्षेत्रात कोणाचीच नाही, माझीही नाही.

दोन दिवस मी नुसती सगळ्यांवर डोळा ठेवून होते. एकदा किनाऱ्यावरच्या चौकीकडे गेले तर भावेशची गाडी समोर उभी. मागे एक जण बसलेला, मान खाली घातलेला. भावेश त्याला विश्रामच्या खुर्चीपाशी घेऊन गेला आणि मोठ्याने म्हणाला, "विश्रामभाऊ, हाच काय तो तुमचा? तिठ्यावर दिसला, म्हटलं विचारून बघू."

विश्रामने टेबल धरलं, उठला, त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि नाव विचारलं. मग खिशातून वॉरंट काढून त्याला वाचून दाखवलं, अगदी सावकाश, एकेक शब्द. भावेश बाजूला उभा राहून चिकू खात होता. मला पाहिल्यावर त्याने चिकू खिशात टाकला आणि कडक सॅल्यूट ठोकला. काहीतरी शिजतंय हे कळत होतं. काय शिजतंय, ते कळत नव्हतं.

ते कळलं येसूबाईमुळे. येसूबाई बंदरावर सुके बोंबील विकते. दुपारी ती थेट माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली, पदर कमरेला खोचलेला, आणि तिच्या मागे रामा तांडेल, ओढून आणल्यासारखा. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या.

"मॅडम, ह्याला विचारा. माज्या बुधाचा वाटा कुटं हाय?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. बुधा तिचा मुलगा, रामाच्या बोटीवर खलाशी. बोट निघायच्या वेळी त्याला कावीळ झाली, तो घरी राहिला. बोट भरून आली. मासळीचे वाटे पडले, आणि बुधाचा वाटा पडला नाही.

मला वाटलं, ह्यात भांडण कसलं? "पण बाई, तो गेलाच नव्हता ना बोटीवर?"

येसूबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मासे खात नाही ह्याचं तिला पहिल्यांदाच खरं वाईट वाटलं असावं. "तुमी तापानं घरी पडल्या तर तुमी पोलीस नाय काय? बुधा बोटीवर नव्हता. पन बोटीचाच हाय ना तो?"

मी रामाकडे पाहिलं. तो बिचारा मान खाजवत होता. "तिचं बरोबर हाय, मॅडम. आमच्याकडं आजाऱ्याचा वाटा काडतात. बापापासून काडतात. पन औंदा भागीदार नवा हाय. तो म्हनतो, जो चढंल त्यालाच."

माझं नाक आता पुरतं आत गेलं होतं. "वाटे असतात तरी किती?"

"खलाशांचे एकेक, सारके. तांडेल असो नायतर पोऱ्या. मग जाल्यांचा. आनि एक नावेचा."

"नावेला कशाला वाटा?"

रामा हसला. "ती नाय तर आमी काय पवत जाऊ?"

मीही हसले आणि सवयीने जयवंतीकडे वळले. बंदरावरची भांडणं आली की मला न कळलेला शब्द समजावून सांगायचं काम तिचं असतं, आणि ते तिला आवडतं. पण जयवंती जागेवर नव्हती. ती दाराशी माठातलं पाणी दुसऱ्या माठात ओतत होती, उगीचच, आणि तिची पाठ माझ्याकडे होती.

सगळ्यांचे सारखे. आजाऱ्याचाही. आणि एक नावेचा.

रामाला मी काय सांगितलं ते मला धड आठवत नाही. भागीदाराला घेऊन ये म्हणाले असेन. कायद्याने मला त्यात काही करता येत नव्हतं, पण तो म्हणाला, आज बुधाचा वाटा माझ्या घरातून देतो, भागीदाराचं नंतर बघू. येसूबाई पदर सोडून शांतपणे निघून गेली. मी दार लावून घेतलं आणि जयवंतीला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"ताई, तुम्ही वाटे घालता."

"हो," ती म्हणाली. इतक्या सरळ म्हणाली की उलटतपासणीची माझी सगळी तयारी वाया गेली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या महिन्यापासून. पयल्या महिन्यात विश्रामभाऊला शून्य आलं. त्याला मुख्यालयात बोलावलं होतं, तिथं कोणीतरी मोबाइलवरचं शून्य बघून हसलं त्याला. परत आला तो डबाच उघडीना. चार दिवस सगळ्यांत जेवायला नाय बसला." ती थांबली. "मग मी बाकीच्या सगळ्यांना म्हटलं, ही आपली एकच बोट हाय. महिन्याचं काम एकत्र करायचं, आनि महिना भरला की वाटे घालायचे. वॉरंट कोणी पन आणू दे. नाव चढवायचं माझ्या हातात हाय. पयल्या महिन्याचं कमी-जास्त पन त्यातच भरून काढलं."

"आणि सगळे तयार झाले?"

"भावेश कुरकुरला. म्हणाला, मी एवढा धावतो. मी म्हटलं, तुझी पन कंबर कधीतरी जाईल."

मला राग आला. खरंच आला. हे खोटं रेकॉर्ड होतं, ह्यासाठी मी दुसऱ्या कोणाला त्याच दिवशी नोटीस काढली असती. आणि रागाच्या भरात मी जे बोलले ते कोणत्याही अधिकाऱ्याला शोभणारं नव्हतं. "अहो, करायचंच होतं तर निदान थोडं कमी-जास्त तरी करायचं! कोणाला सत्तर, कोणाला पंचाहत्तर. ह्या सारख्या आकड्यांनीच तर सगळं उघडं पाडलं."

जयवंतीला ते मुळीच पटलं नाही. "कमी-जास्त? मग तो वाटा कसला, मॅडम?"

वीस वर्षं चोर पाहिलेली बाई, आणि चोरी लपवता यावी म्हणून वाटा वाकडा घालणं तिला जमलं नव्हतं. मला हसू यायला लागलं, आणि ते आवरता आवरता माझी नजर पुन्हा यादीवर गेली. नऊ माणसं. दहा नावं. हसू तिथेच थांबलं.

"ताई, वाटे किती घालता?"

तिने टेबलावरची यादी उगीच सरळ केली.

"नऊ की दहा?"

"दहा."

"दहावा कोणाचा?"

"नावेचा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "दूरक्षेत्राच्या नावानं गुण चढत नायत, मॅडम. तुमच्याच नावानं चढतात."

मला आधी कळलं नाही. मग तिने सांगितलं. आमच्या प्रत्येक कारवाईच्या शेवटी एक ओळ असते, अमुक अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली. सगळे लिहितात, देवाला फूल वाहावं तसं. ती ओळ ज्या केसला असेल तिचे गुण प्रभारी अधिकाऱ्याला जातात. दर महिन्याला जयवंती वाट्याला येतील तेवढ्या केसना ती ओळ जोडायची, बाकीच्यांना जोडायची नाही. भट्ट्या भावेशने धरल्या होत्या, फरारी कोणीतरी उमरोळीच्या फाटकाजवळ गाठला होता, आणि मी त्या वेळी ह्या खुर्चीवर बसून सह्या करत होते. मार्गदर्शन तेवढं माझं होतं.

माझ्या तोंडात कोणी मारल्यासारखं झालं. प्रशस्तिपत्र घेऊन मी बाबांना फोन केला होता. बाबांनी शेजाऱ्यांना पेढे दिले होते. आणि मी ह्या सगळ्यांना दोनदा तरी ऐकवलं होतं की माझ्यासारखं राबा, म्हणजे तुमचीही चौकट लागेल. भावेश तेव्हा प्रशस्तिपत्राकडे का बघत होता, ते मला आत्ता कळलं.

"मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? तुमी घेतला नसता." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "आनि तुमाला चांगलं वाटत होतं."

"विश्रामभाऊंना माहीत आहे?"

पहिल्यांदाच तिचा चेहरा घाबरल्यासारखा झाला. "नाय. आनि कळता नये. त्यांना वाटतं, आपणच करतो सगळं. भावेश आरोपी तिथं नेऊन सोडतो, धरायचं काम त्यांच्याकडून करून घेतो. घरी बायकोला मोबाइल दाखवतात रोज. कळलं तर ते दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकतील, मी सांगते तुमाला."

ह्या गोष्टीत ज्यांना काहीच माहीत नव्हतं असे दोघे होते, एक विश्राम आणि दुसरी मी. पण मला आता कळलं होतं आणि ते गिळता येत नव्हतं. मी अजून चौतिशीत आहे, माझ्या दोन्ही पायांत बळ आहे आणि पुढे बढत्या आहेत. तरी मला इतकं लागलं. विश्रामला काय झालं असतं, ह्याचा विचार मी जयवंतीला बाहेर पाठवल्यावर बराच वेळ करत बसले.

खरं नाव पाठवायचं तर वाटे मोडायचे. ज्याचं काम त्याच्या नावावर लावलं की भावेश सगळ्यात वर जाणार आणि विश्राम तळाला, आणि तिथून थेट घरी. काहीच पाठवलं नाही तर पथक येणार आणि तेच होणार, वर जयवंतीची नोकरी जाणार. मी विचार करून थकले. शेवटी माझ्या जुन्या खोडीनेच मला उठवलं. मला एकच जाणून घ्यायचं होतं. माझे स्वतःचे, खरेखुरे गुण किती?

मी यादी संगणकावर उघडली. खालचं नाव कळवून सहामाही बंद होईपर्यंत प्रभारी अधिकाऱ्याला नोंदी दुरुस्त करता येतात. माझ्या नावावरच्या केस एकेक करून उघडल्या. ह्या छाप्याला मी होते का? नव्हते. ओळ काढली. ह्या अटकेला? नव्हते, त्या दिवशी मी पालघरला मीटिंगला होते. ओळ काढली. चिंचणी रस्त्यावरच्या अपघाताला मी खरंच पहिली पोहोचले होते, ते ठेवलं. एका सासूने सुनेला कोंडलं होतं, ते दार मी स्वतः उघडलं होतं, तेही ठेवलं. बाकी सगळं गेलं. खाली बेरीज आली, आठ.

दहा नावांत सगळ्यात खाली मी होते. ह्यात दया नव्हती आणि खोटंही नव्हतं. उरलेल्या नऊंचे वाटे मी तपासले नाहीत. पथकात असते तर तपासले असते. मी त्या बोटीत होते.

नाव भरायच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं. शेरा म्हणजे माझी बढती निदान एक वर्ष पुढे गेली, आणि बाबांना काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं.

साहेबांचा फोन लगेच आला. "डोकं फिरलंय का तुमचं? गेल्या महिन्यात तुम्हाला मीच प्रशस्तिपत्र दिलं!"

"ते चुकून मिळालं, साहेब. ज्या केसना मी हजर नव्हते त्या काढल्या. तपासून घ्या."

"आणि बाकीचे नऊ?"

"नऊही कामाची माणसं आहेत. ह्यांतल्या एकाला काढलं तर बाकीच्यांकडून काम होणार नाही. हे मी लेखी द्यायला तयार आहे."

त्यांनी 'आठ' असं स्वतःशीच वाचलं. मग म्हणाले, "सुधारणा वर्गाला जाताना टिपणं काढायला वही न्या." आणि फोन ठेवला. ते चिडले होते की त्यांना काही उमगलं होतं, हे मला आजही माहीत नाही आणि माझ्या स्वभावाला हे फार जड जातं.

मी प्रशस्तिपत्र खाली उतरवलं. भिंतीवर चौकोनी डाग राहिला. जयवंतीला मी सांगितलं की दहावा वाटा आजपासून बंद, माझी ओळ मी असेन तिथेच लिहायची. ती मान हलवत राहिली, पण हो म्हणाली नाही.

बातमी दूरक्षेत्रात फुटायला वेळ लागला नाही. भावेश माझ्यासमोर यायचं टाळू लागला. कोणी मोठ्याने बोलेना. माझ्या टेबलावर न सांगता चहा येऊ लागला. दोन दिवसांनी, दुपारी, दारावर टकटक झाली. विश्राम होता. किनाऱ्यावरून चालत आला होता, घामाघूम झाला होता, आणि दाराची चौकट धरून उभा होता.

"येऊ काय, मॅडम?"

"या ना. बसा आधी."

तो टेबल धरून बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. मोबाइल खिशातून काढला, परत ठेवला. ह्याला कळलं, असंच मला वाटलं. त्याच्या मागे संगणकावर जयवंतीची बोटं थांबली होती.

"राग येऊ देऊ नका," विश्राम म्हणाला. "यादीत तुमचं नाव खाली गेलं असं कळलं."

"हो. गेलं."

"आठ पडले म्हणे."

"आठ."

त्याने मान हलवली, मुलीचा निकाल ऐकणाऱ्या बापासारखी. "वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. मला पयल्या महिन्यात शून्य होतं. शून्य! घरी पन सांगितलं नव्हतं. वाटलं, संपला आपला खेळ. मग कसं काय कोण जाणे, हात बसला. आता बघा, बहात्तर." तो क्षणभर खूश झाला आणि लगेच, माझ्यासमोर खूश होणं बरं नाही असं वाटून, गंभीर झाला. "तुमी तर तरण्या हाव. तुमचा पन बसंल."

जयवंतीकडे बघायची तर सोयच नव्हती.

विश्राम पुढे वाकला. त्याला ते दुखत असणार, कारण त्याने ओठ दाबले. आवाज खाली आणून तो म्हणाला, "एक सांगतो, कोणाला बोलू नका. माझी चौकी हाय ना, तिथं माणसं आपोआप येतात. खरंच. मी नुसता बसलेला असतो. तुमी तिथं येऊन बसत जा थोडा वेळ. दोन-चार वॉरंटं तुमच्या नावावर लावू. मला बहात्तर कशाला लागतात येवढे?"

मागे जयवंतीची खुर्ची जोरात सरकली आणि ती भरभर बाहेर निघून गेली. विश्रामने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे डोळे भरून आले होते. त्याला वाटलं, गुण कमी पडले म्हणून.

"रडायचं नाय, मॅडम," तो म्हणाला. "होतं असं."

"कधी येऊ मी?" मी विचारलं.

"ऊन उतरलं की या. मी एक खुर्ची जास्तीची मांडून ठेवतो."